आधी तळं, मग टोली

नागपूरच्या नंदनवनातून निघून भंडारा रोडने वैनगंगा ओलांडली, साकोली मागे टाकली की शिवाराचं रूप पालटतं. कपाशी-संत्रा दिसेनासा होतो, धानाच्या बांध्या लागतात. बांध्यांच्या वर मातीची पाळ, पाळीमागे पाणी आणि बाजूच्या उंचवट्यावर वीस-पंचवीस घरांची टोली. ओलिताची जमीन घरांखाली घालवायची नाही, ही जुन्या माणसांची अक्कल. पाणी आधी, शेत मग, घर शेवटी. झाडीपट्टीत वस्ती अशी बसली.

हे काम मुख्यतः कोहळी समाजाचं. गोंड राजवटीत जो तळं बांधील त्याला त्याखालची जमीन मिळे, असं जुने लोक सांगतात. नवेगावबांधचं तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं, ही तिकडची ऐकीव. इंग्रजी अमलात मालगुजार मालक झाले. तरी पाळीवर माती टाकायला टोलीतलीच माणसं जात. त्यात वेठही होती, हे विसरून चालणार नाही.

1950 च्या कायद्याने 31 मार्च 1951 पासून मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली. माजी मालगुजारी, म्हणून 'मामा तलाव'. पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत असे सहा हजारांवर आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजार गेला ते बरंच झालं. पण घरटी फावडं घेऊन पाळीवर जाणंही गेलं.

आता टोलीत भांडण एकच, पाणी केव्हा सोडायचं? पाळीखालचा म्हणतो, धान निसवेपर्यंत राखा. हस्त कोरडा गेला तर एका पाण्यावर दाणा भरतो, नाहीतर पोचट. तळ्याच्या पोटात अतिक्रमण करून पेरणारा म्हणतो, आत्ताच सोडा. मासेमार संस्थेला पाणी उन्हाळ्यापर्यंत हवं. तिघेही त्याच टोलीतले, कधी कधी तर एकाच घरातले! साहेबाने येऊन हे मिटत नाही.

सरपंचांनी महसूल दप्तरातून निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून ग्रामसभेत मोठ्याने वाचावं. गुरांचं पाणी, वाटा, वहिवाट त्यात लिहिलेली असते. तळ्याची हद्द मोजून घ्यावी, आणि पाणी सोडण्याची तारीख रोवणीआधीच ठरवावी, कारण बांध्या सुकू लागल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात गाळ काढाल तो माती तपासूनच शेतात टाका. पाळीच्या पायथ्याशी मात्र खोदू नका, भाऊ. तिथल्या खड्ड्याने पावसाळ्यात पाळ खचते.