चेहऱ्यावरचे तेल आणि नायसिनामाइड

त्वचेतील ग्रंथींतून पाझरणारे तेल हा मळ नव्हे. ते त्वचेचे आवरण आहे, हे आम्ही आरंभीच सांगतो. आरशापुढे कष्टी होऊन दिवसातून पाच वेळा साबण चोळणारी मुले ते आवरण घालवून बसतात. त्वचा रखरखीत होते. ग्रंथींचे काम मात्र चालूच राहते!

हल्ली क्रीममध्ये नायसिनामाइड घालतात, ते ब-३ जीवनसत्त्वाचेच एक रूप. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनमधील गरिबांना जो पेलाग्रा होई, उन्हाने ज्यात कातडी काळवंडून सोलते, त्यावरचे औषधही हेच. याचे भावंड निकोटिनिक आम्ल. ते पोटात गेले की तोंड लालबुंद होऊन झोंबते. नायसिनामाइडचे सहसा तसे नाही, म्हणून ते सौम्य. (नावावरून तंबाखूची शंका कोणी घेऊ नये.)

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २ टक्के नायसिनामाइड लावणाऱ्या जपानी लोकांत तेल स्रवण्याचा वेग २ आणि ४ आठवड्यांनी घटलेला आढळला. गोऱ्या लोकांत तो तसा घटला नाही. मग बाटलीवरचे १० टक्के पाहून हुरळायचे कशाला? कमी प्रमाणाचे घ्यावे, महिनाभर धीर धरावा. दुखरे, गाठीचे मुरूम असतील तर मात्र बाटली बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.