पाण्यातली बाग आणि अज्जीचा सल्ला

दोन वर्षांपूर्वी लेकाच्या हट्टापायी निपाणीच्या घरी दोन फुटी फिशटँक आला. प्लॅस्टिकची झुडपं नकोत, जिवंत वनस्पती लावू, हा हट्ट मात्र माझा. बेळगावहून रोपं आणली आणि मेथीच्या जुडीसारखी दाटीवाटीनं खोचली. सौ. म्हणाली, ‘‘ही बाग की बाजार?’’

मग जरा वाचन केलं. जपानचे ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी टाकीत डोंगर-रानाचं दृश्य उभं करण्याची कला जगभर नेली. त्यांच्या मांडणीतून एक कळलं, इथं रांगोळीसारख्या दोन्ही बाजू सारख्या नकोत. बारीक खडीला पुढं दोन इंच, मागं चार इंच असा चढ द्यावा. त्यानं खोली जाणवते. मोठा दगड मध्यभागी न ठेवता एका बाजूला सरकवावा. फितीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया मागं, मध्यम उंचीची क्रिप्टोकोरीन दगडालगत आणि पुढची जागा माशांना मोकळी. अनुबियासचं खोड मात्र पुरू नये, कुजतं. दगडाला दोऱ्यानं बांधावं. दिवा रोज सात-आठ तास पुरे, जास्त झाला की शेवाळ माजतं.

एवढं सगळं केलं आणि आठवड्याभरात क्रिप्टोकोरीनची पानं विरघळू लागली. लेक रडवेला झाला. मी रोपं उपटायला हात घातला, तोच गोकाकहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘स्वल्प तडीरी!’’ जरा थांबा. पुढं कानडीतच म्हणाल्या, ‘‘हे अळूसारखं दिसतंय. मूळ घट्ट आहे. जागा बदलली की रोप रुसतंच.’’

खरंच, ही वनस्पती अळूच्याच कुळातली. जागा किंवा पाणी बदललं की पानं टाकते आणि मुळातून पुन्हा फुटते. कुजकी पानं तेवढी काढली. तिसऱ्या आठवड्यात कोवळे कोंब दिसले. सौ. बराच वेळ टाकीसमोर बसून होती. लग्नानंतर मराठी शिकतानाचं पहिलं वर्ष तिला आठवलं असावं. मी तेव्हा एवढा धीर धरला होता का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

वाचकहो, एक विनंती. छाटलेली रोपं ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणूनच आली आणि तळी गिळून बसली. जास्तीची रोपं शेजाऱ्यांना द्या.

आमचं एक रोप गोकाकला अज्जींकडे गेलंय. तिथं पानं गळली तरी त्या फेकणार नाहीत, एवढं नक्की.