दिव्याखाली रोप वाढवायचे तर



बंद खोलीत मांडणी, मांडणीवर ट्रे, वर जांभळे दिवे, आणि बाहेर ऊन असो की पाऊस, आत पीक डोलते आहे, असे चित्र हल्ली मोबाइलवर पुष्कळांनी पाहिले असेल. माझ्या ओळखीतला एक मुलगा असाच दिवा घेऊन आला. "काका, हजार वॅटचा आहे, पेटीवर लिहिलंय." मी म्हटले, "पेटीवरचं राहू दे. मीटर किती फिरतो ते बघू." पाहिले, तर दिवा जेमतेम शंभर वॅट वीज खात होता. पोराचा चेहरा पडला. म्हणून आज एलईडी दिवा कसा पारखावा, याविषयी चार गोष्टी सांगतो.

पहिली पारख रंगाची नव्हे, मापाची. आपला डोळा इथे फसवा साक्षीदार आहे, बरं का! दुपारी उघड्या रानात लख्ख उन्हात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. रात्री घरात ट्यूबखाली आपण आरामात वर्तमानपत्र वाचतो, तिथे असतो दोन-तीनशे लक्स. तीनशे-चारशे पटींचा फरक. पण डोळ्याची बाहुली लहानमोठी होऊन सांभाळून घेते, आणि आपल्याला वाटते, झकास उजेड आहे. पानाला अशी सोय नाही. जेवढा उजेड अंगावर पडेल तेवढेच त्याचे अन्न तयार होते. म्हणून घरातले रोप लांबट, पिवळट होते आणि शेवटी आडवे पडते.

शास्त्रज्ञ पानावर पडणारे प्रकाशकण मोजतात. एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती कण पडले याचे माप मायक्रोमोल. आपल्याजवळ ते यंत्र नसते. पण मोबाइलवर लक्स दाखवण्याची सोय मिळते. दिवा पांढरा एलईडी असेल, तर लक्सच्या आकड्याला 70 ने भागा, अदमास येतो. जांभळ्या दिव्याला मात्र हा हिशेब लावू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे, आणि तांबडानिळा रंग डोळ्याला मंदच दिसतो. मेथी, पालक किंवा भाजीची रोपे धरली, तर दीडशे ते अडीचशे मायक्रोमोल, दिवसाचे 14 ते 16 तास, एवढा उजेड हवा. टोमॅटोला फळ धरायचे तर याच्या दुपटीहून अधिक.

आता रंगाकडे येऊ. 1882 च्या सुमारास एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने लोलकातून फाकलेला उजेड शेवाळाच्या तंतूवर पाडला आणि पाण्यात प्राणवायूकडे धावणारे सूक्ष्म जीव सोडले. ते तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात गोळा झाले. म्हणजे तिथे प्राणवायू जास्त निघत होता. हरितद्रव्य हे दोन रंग अधिक शोषते, हे खरेच. तांबडा आणि निळा मिसळला की होतो जांभळा. पण म्हणून हिरवा उजेड फुकट जातो असे नाही. 1972 साली मॅक्री या शास्त्रज्ञाने 22 प्रकारच्या पिकांची पाने तपासून मोजमापे प्रसिद्ध केली, आणि हिरवा-पिवळा उजेडही पान चांगला वापरते असे दाखवले. पान थोडासा हिरवा परतवते, म्हणून आपल्याला हिरवे दिसते एवढेच.

पांढऱ्या एलईडीच्या पोटात मुळात निळाच दिवा असतो. त्यावरचा पिवळसर लेप त्यातल्या काही निळ्याचा पिवळा, हिरवा, तांबडा करतो. (हा निळा एलईडी साधणाऱ्या तिघांना 2014 चे नोबेल मिळाले.) म्हणजे साध्या पांढऱ्या दिव्यात सगळे रंग आलेच. रोपांसाठी 5000 ते 6500 केल्विनचा घ्या. त्यात निळा जास्त, रोप ठेंगणे आणि कणखर राहते. शिवाय पांढऱ्या उजेडात पानावरचा डाग, पिवळेपणा दिसतो. जांभळ्यात सगळेच काळपट! रोग दिसेपर्यंत तो पसरलेला असतो.

एका ठिकाणी मात्र रंग महत्त्वाचा. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. फांदी लांब हवी असेल तर बागायतदार मध्यरात्री काही तास दिवे लावून त्या मोठ्या रात्रीचे दोन तुकडे करतात. इथे शंभर लक्सच्या आसपासचा उजेडही पुरतो, कारण तो अन्नासाठी नसतो, तो झाडाला दिलेला निरोप असतो. हा निरोप तांबड्या उजेडाला उत्तम कळवता येतो. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे 1952 साली सॅलडच्या बियांवर प्रयोग झाले. तांबडा उजेड दाखवला की बी रुजे, त्यापलीकडचा गडद तांबडा दाखवला की थांबे. आणि कितीही वेळा आलटून पालटून दाखवले, तरी शेवटचा कोणता, त्यावर निकाल ठरे.

बरे, खर्चाचे काय? चार फूट लांब, दीड फूट रुंद फळी घ्या. वर 20 वॅटच्या चार चांगल्या ट्यूब, पानापासून वीतभर उंच. सुमारे 11 हजार लक्स मिळतील. सोळा तासांना रोज सव्वा युनिटहून थोडे जास्त, महिन्याला 38 युनिट. युनिट आठ रुपयांचे धरले तर तीनशे रुपये झाले. सहा चौरस फुटांत महिन्यात मेथीच्या जुड्या निघणार किती? तेवढ्या पैशांत बाजारात टोपली भरेल. ज्या मुलखात ऊन अंगणात फुकट पडते, तिथे दिव्याखाली पालेभाजी विकायला लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

केशराचेही नीट ऐका. बंद खोलीत मातीविना कंदांना फुले येतात, ही थाप नाही. पण ती कंदात आधीच साठलेल्या अन्नावर येतात, दिव्याची त्यात फारशी करामत नाही. खरी गरज पुढे लागते. फुलांनंतर पाने वाढून नवे कंद पोसायचे असतात, त्याला महिनोन्‌महिने भरपूर उजेड आणि थंडी पाहिजे. तो उजेड दिला नाही तर कंद बारीक होतात आणि पुढच्या सालासाठी पुन्हा विकत आणावे लागतात. कर्ज काढण्यापूर्वी दुसऱ्या वर्षीची फुले दाखवा, असे सांगणाऱ्याला म्हणावे.

ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत, जिथे केळीची रोपे बाटलीत वाढतात, तिथे दिवे फायद्याचे ठरतात. बाटलीतल्या खाद्यात साखर असते, म्हणून दोन-तीन हजार लक्सवर भागते, आणि एकेका फळीवर शेकडो रोपे मावतात.

गुरुजी, तुमच्या शाळेला दोन ट्यूब पुरतील. वायर आणि खटका पाण्यापासून दूर, उंचावर घ्या. मुगाचे दाणे मोजून तीन ट्रेंत सारखे पेरा. एक ट्यूबखाली, एक वर्गाच्या कोपऱ्यात, एक बंद कपाटात. पंधरा दिवसांनी मुलांना विचारा, सर्वांत जोमदार कोणता? कपाटातली रोपे सर्वांत उंच असतील, बरीच मुले तिकडेच बोट दाखवतील. मग तिन्ही ट्रेंतली रोपे मुळांसकट उपटा, धुऊन कडकडीत वाळवा आणि सोनाराच्या काट्यावर वेगवेगळी तोला. तेवढेच न पेरलेले कोरडे दाणेही शेजारी तोलायला विसरू नका. कपाटातली ती उंच रोपे त्या दाण्यांपेक्षाही हलकी भरतील.