बाकीच्या काय म्हणतील?
पुण्याजवळच्या मारुंजीतल्या नव्या सोसायट्यांत संक्रांतीचं हळदीकुंकू दणक्यात होतं. विधवा शेजारणीला मात्र बोलावणं जातंच असं नाही. एकेकीला विचारा: 'माझी हरकत नाही हो, पण बाकीच्या काय म्हणतील?' गंमत म्हणजे, बाकीच्याही हेच म्हणतात!

'बाकीच्यां'चा हा दबाव काही नवा नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 साली त्यावरचा अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कार्डावरच्या तीन रेघांतली नमुन्याएवढी लांब कोणती, ते सांगायचं. शेंबडं पोरही सांगेल. पण खोलीतले इतर सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चुकीचं बोलणारे. सुमारे एकतृतीयांश वेळा हे ठाऊक नसलेल्या एकमेव सहभागीनं डोळ्यांना दिसत असूनही त्यांचीच री ओढली. त्यांच्यातला एक जण जरी खरं बोलू लागला, तरी हा दबाव चौथाईवर यायचा.

आपल्याकडचा असा 'एक' म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा कित्ता ठेवला. ठरावानं मनं बदलतात का, हा वेगळा वाद. मनातलं मत चारचौघांत उघड झालं, हे माझ्या मते जास्त मोलाचं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यासाठी ग्रामसभाही लागत नाही.