पाच पराभव, चार हातमिळवण्या

केरळमधल्या कूथाट्टुकुलमला आयुर्वेदिक उपचारांसाठी आलेले केनियाचे माजी पंतप्रधान राईला ओडिंगा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी फिरायला निघाले आणि वाटेतच कोसळले; त्यातच त्यांचा मृत्यू झाला. पुढे अंत्यदर्शनासाठी नैरोबीत उसळलेली गर्दी, तिथल्या स्टेडियममध्ये सुरक्षा दलांनी केलेला गोळीबार हे सगळं वाचकांनी पाहिलंच. मृत्युलेखांनी मात्र ‘राष्ट्राध्यक्षपद हुकलेला नेता’ एवढ्यावर त्यांची बोळवण केली. १९९७, २००७, २०१३, २०१७, २०२२ असे पाचदा ते हरले, हे खरंच. पण गड्याचं कसब दिसायचं ते हरल्यावर.

१९८२चं लष्करी बंड फसलं आणि त्यात हात असल्याचा ठपका ओडिंगांवर आला. राष्ट्राध्यक्ष मोईंच्या सरकारने त्यांच्यावरचा राजद्रोहाचा खटला मागे घेतला आणि त्यांना खटल्याविनाच सहा वर्षं डांबलं. आई वारल्याची बातमी कोठडीत पोचायला दोन महिने लागले. २००१ साली हेच ओडिंगा त्याच मोईंचे ऊर्जामंत्री झाले! बंडखोरी ओडिंगांच्या घरातलीच होती. वडील जारामोगी देशाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. सत्तेशी बिनसल्यावर विरोधात गेलेले. जारामोगींचे निकटचे सहकारी पिओ गामा पिंटो मूळचे गोमंतकीय. गोवामुक्तीसाठीही झटलेल्या या माणसाला १९६५मध्ये नैरोबीत घराच्या दारातच गोळ्या घालण्यात आल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही.

२००७च्या मतमोजणीत ओडिंगा आघाडीवर होते. ३० डिसेंबरच्या संध्याकाळी अचानक तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकीच विजयी ठरले आणि अंधार पडता पडता शपथविधीही उरकला. दंगलींत हजाराहून अधिक माणसं मेली, सहा लाखांच्या आसपास बेघर झाली. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांनी मध्यस्थी केली, ओडिंगा पंतप्रधान झाले. केनियात या वाटणीला ‘अर्धी भाकरी’ म्हणून हिणवतात. पण याच सरकारच्या काळात २०१०ची राज्यघटना आली, ४७ काउंट्यांना स्वतःची सरकारं मिळाली. याच घटनेने उभ्या केलेल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ओडिंगांच्या याचिकेवर रद्द केली. आफ्रिकेत असं प्रथमच घडलं.

पुढच्याच वर्षी मात्र ते फेरनिवडणूक जिंकलेले प्रतिस्पर्धी, राष्ट्राध्यक्ष केन्याट्टा यांच्याशी हात मिळवून मोकळे झाले. आणि २०२४मध्ये करवाढीविरुद्ध तरुण रस्त्यावर उतरले, काही जीव गेले, तेव्हा ओडिंगांचे बिनीचे शिलेदार राष्ट्राध्यक्ष रुटोंच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले. मार्च २०२५मध्ये रीतसर करारही झाला. किबाकींबरोबरच्या समझोत्याने रक्तपात थांबला होता. रुटोंबरोबरच्या या हातमिळवणीने वाचलं ते फक्त सरकार, आणि तेही तरुण पोरं मरत असताना. ओडिंगांच्या चाहत्यांना रुचणार नाही, पण हा सौदा चुकलाच.