गलबताची दुरुस्ती आणि ऊन

पूर्णेच्या खोऱ्यातील जाफराबादेस गलबत कोठून दिसणार? तथापि गलबताच्या दुरुस्तीचे मर्म तेथील जुन्या गाडीवानास सहज उमगले असते. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचे लाकूड आकसते, लोखंडी धाव सैल होते; मग गाडी पाण्यात उभी करावयाची, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते.

गलबताचेही तसेच आहे. भूमध्य समुद्राकाठची गोदी असो की मालवणची वाळू, पाण्याबाहेर काढलेल्या लाकडी गलबताच्या फळ्या उन्हाने सुकतात व त्यांचे सांधे उघडतात. त्या सांध्यांत पिळलेला कापूस मोगरीने ठोकून भरावयाचा आणि वर राळ व तेल यांचा लेप द्यावयाचा, हे दुरुस्तीतील मुख्य काम. कारागिराची कसोटी येथेच लागते. सांधा रुंद दिसतो म्हणून ठासून भरला, तर पाण्यात फुगणाऱ्या फळ्यांस जागा उरत नाही व त्या सांगाड्यापासून सुटू लागतात. सैल भरला, तर कापूस भर समुद्रात निघून येतो; मग खलाशांच्या जिवावर बेतते. कोकणात किनाऱ्यावर ओढलेल्या होडीवर झावळ्यांचे छप्पर घालतात. ते पावसाइतकेच उन्हासही अडविते. दुरुस्त गलबत पाण्यात उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस थोडे पाझरते. त्यास दोष समजू नये. लाकूड अद्याप फुगावयाचे असते. (काचतंतूच्या आधुनिक नौकांस हा व्याप नाही.)

या कामी सागासारखे लाकूड नाही. तो फारसा आकसत नाही, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे ओकमधल्याप्रमाणे लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेले व १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी युद्धजहाज, पुष्कळ डागडुजीनंतर, इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून तरंगत आहे.