धातुशोधक यंत्र घेताना आधी आपली माती पाहा

कुळवाची निसटलेली पास, कडब्याबरोबर गव्हाणीत आलेला तारेचा तुकडा, मातीखाली गेलेला जलवाहिनीचा व्हॉल्व्ह किंवा समुद्रकिनारी बोटातून निसटलेली अंगठी, अशा वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र म्हणजेच मेटल डिटेक्टर उपयोगी पडतो. पूर्वी हे यंत्र पोलीस व लष्कराकडेच दिसे. आता ते काही हजार रुपयांपासून बाजारात मिळते. मात्र खोक्यावरील खोलीचा आकडा पाहून घेतलेले यंत्र आपल्या शेतात निरुपयोगी ठरू शकते. याचे कारण बहुधा यंत्रात नसते, आपल्या मातीत असते.

यंत्र कसे चालते?

यंत्राच्या टोकाला तारेचे वेटोळे असलेली थाळी असते. तिला कॉइल म्हणतात. तीतून सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. वाटेत धातू आला की त्यात क्षीण विद्युत प्रवाह फिरू लागतो. या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते कॉइलला जाणवते आणि यंत्र आवाज देते.

टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी 1881 मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी अशाच यंत्राने शोधण्याचा प्रयत्न केला होता. तो फसला. त्यांच्या गादीतील पोलादी स्प्रिंगा हे त्याचे एक कारण सांगितले जाते. आसपास लोह असले की यंत्राची दिशाभूल होते, हा धडा आजही लागू आहे.

आपली माती आणि यंत्र

दख्खनच्या पठारावरील काळी माती काळ्या पाषाणापासून बनली आहे. या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. कोकणातील जांभ्याची तांबडी माती लोहयुक्त आहे आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज सापडते. अशा जमिनीवर साधे यंत्र धातू नसतानाही वाजत राहते, किंवा जमिनीच्या आवाजात खिळ्याचा आवाज बुडून जातो.

आपल्या जमिनीची परीक्षा घरच्या घरी करता येते. लोहचुंबकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी आणि तो कोरड्या, बारीक मातीतून फिरवावा. पिशवीला काळे कण भरपूर चिकटले, तर त्या जमिनीसाठी 'ग्राउंड बॅलन्स' म्हणजे माती-समतोलाची सोय असलेलेच यंत्र घ्यावे. या सोयीने मातीचा आवाज वजा होतो व धातूचा उरतो.

ही सोय तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात समतोल कारखान्यातच कायमचा ठरवलेला असतो व तो बदलता येत नाही. स्वस्त यंत्रांत बहुधा हाच असतो. दुसऱ्या प्रकारात तो हाताने जुळवता येतो. तिसऱ्यात यंत्र स्वतःच जुळवून घेते. काळ्या पाषाणाच्या व जांभ्याच्या जमिनीसाठी दुसरा किंवा तिसरा प्रकार निवडावा. पैसे वाचवायचे असतील तर रंगीत पडदा व इतर सजावट सोडावी, ही सोय सोडू नये.

आधी काम ठरवा

1. गोठा व चारा : जनावर चारा बारीक चावत न बसता गिळते. त्याबरोबर गेलेली तार किंवा खिळा जाळीदार पोटात अडकतो आणि पुढे पडदा भेदून हृदयापर्यंत जाऊ शकतो. दुभते जनावर त्यात दगावू शकते. चाऱ्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. कडबाकुट्टीच्या तोंडाशी व गव्हाणीत बळकट लोहचुंबक फिरवला, तर लोखंडी तुकडे त्याला चिकटतात. जोडीला सुरक्षारक्षक दारावर वापरतात तशी हातातील धातुशोधक दांडी घेता येईल. चुंबकाला न चिकटणारे तांबे, पितळ व ॲल्युमिनियमही ती दाखवते. बांधावरचे जुने झाड कापण्यापूर्वी खोडातील खिळा पाहण्यासही ती चालते. हे काम जमिनीपासून दूर होत असल्याने तिथे माती-समतोलाचा प्रश्न येत नाही.

जनावराने चारा सोडला, दूध एकाएकी घटले, पाठीला कमान आली, तर पशुवैद्यकास बोलवावे. धातुशोधकाने पोटात धातू आहे एवढेच कळते, तो रुतला आहे की नाही हे कळत नाही. यंत्र वाजल्यावरून घरच्या घरी आजार ठरवू नये.

2. शेत व घर : हरवलेले अवजार व व्हॉल्व्ह शोधण्यास जमिनीवर फिरवायचे यंत्र लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पीव्हीसीची जलवाहिनी धातूची नसल्याने कोणतेच धातुशोधक यंत्र ती दाखवणार नाही. म्हणून नवीन वाहिनी गाडताना प्रत्येक वळणावर व जोडाशी लोखंडी पत्र्याचा हातभर तुकडा तिच्यावर पुरून ठेवावा. पुढे गळती शोधताना खुणा सापडतील. विजेची केबल असण्याची शंका असेल तिथे वीजपुरवठा बंद करूनच खणावे.

3. समुद्रकिनारा : कोरड्या वाळूत साधारण यंत्र चालते. भरतीच्या ओल्या वाळूत मात्र खारे पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने एकाच कंप्रतेवर चालणारे यंत्र खोटे आवाज देते. तिथे एकाच वेळी अनेक कंप्रता वापरणारे यंत्र घ्यावे. स्पंद पद्धतीचे, म्हणजे पल्स इंडक्शन यंत्रही खाऱ्या वाळूत चांगले चालते, पण ते लोखंड व इतर धातू यांत फारसा फरक करत नाही. बऱ्याच यंत्रांची थाळी पाण्यात चालते, पण वरची पेटी चालत नाही. दोन्हींबद्दल वेगवेगळे विचारावे. काम झाल्यावर थाळी गोड्या पाण्याने धुवावी.

खोलीचा हिशोब

खोक्यावर छापलेली खोली बहुधा हवेत मोजलेली असते. जमिनीत ती कमी होते. ढोबळ अंदाज असा की नाण्याएवढी वस्तू जास्तीत जास्त थाळीच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत सापडते. म्हणजे 20 सें.मी. थाळीने 20 सें.मी.च्या आसपास, आणि खनिजयुक्त मातीत त्याहून कमी. मोठी थाळी मोठी वस्तू खोलवर दाखवते, पण बारीक तार व खिळा निसटू देते. पहिल्या यंत्रासाठी 20 ते 25 सें.मी. थाळी पुरेशी आहे.

माहितीपुस्तिका बहुधा नाणी शोधणाऱ्या हौशी लोकांसाठी लिहिलेली असते. त्यांना लोखंड नको असते, म्हणून ते वगळण्याची कळ कशी दाबावी हे तीत ठळक सांगितलेले असते. आपल्याला हवा असतो तो नेमका खिळा आणि तार. तेव्हा शेतात यंत्र 'सर्व धातू' या स्थितीवर ठेवावे.

घेण्यापूर्वीची चाचणी

1. आपल्या शेतातील माती प्लास्टिकच्या टबात दुकानात न्यावी. लोखंडी घमेले वापरू नये.
2. मातीत धातू नसताना थाळी तिच्यावर खाली-वर करावी. समतोल जुळवल्यावरही आवाज थांबत नसेल तर ते यंत्र घेऊ नये.
3. नंतर तीन इंची खिळा, तारेचा बोटभर तुकडा व एक नाणे प्रथम 5 व मग 10 सें.मी. खोल पुरून पाहावे. प्रत्येक वेळी, दोन्ही बाजूंनी थाळी फिरवल्यावर आवाज आला पाहिजे.
4. यंत्र टपालाने मागवत असाल तर परत करण्याची मुदत आधी लेखी घ्यावी व ही चाचणी त्या मुदतीत शेतातच करावी.
5. दुरुस्ती कोठे होते आणि बॅटरी तालुक्याच्या गावी मिळते का, हे विचारावे.

वर्षातून चार दिवस लागणारे यंत्र एकट्याने घेण्याऐवजी बचत गट किंवा दूध संस्थेने मिळून घेतल्यास परवडते.

गुप्तधनाच्या नादापासून सावध

शंभर-दोनशे मीटरवरचे सोने दाखवतो असे सांगून काही उपकरणे मोठ्या किमतीला विकली जातात. वर सांगितलेले चुंबकीय क्षेत्र थाळीपासून थोड्या अंतरावरच क्षीण होते, त्यामुळे एवढ्या लांबची अंगठी वा नाणे त्याने सापडणे शक्य नाही. अशा उपकरणावर एक रुपयाही घालवू नये. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणे हा 2013 च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

जमिनीत पुरलेले, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे काही सापडले तर 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. वस्तू स्वतःच्या शेतात सापडली तरीही हे लागू आहे. न कळवल्यास वाटा जातो व शिक्षाही होऊ शकते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात यंत्र फिरवू नये व खणू नये. लष्करी सराव क्षेत्राजवळ गोळा किंवा अनोळखी वस्तू दिसल्यास हात न लावता पोलिसांना कळवावे.

थोडक्यात, चाऱ्यासाठी लोहचुंबक व हातातील दांडी, शेतासाठी माती-समतोल जुळवता येणारे यंत्र, ओल्या किनाऱ्यासाठी अनेक कंप्रतांचे यंत्र असा क्रम धरावा. ज्यांच्या घरी दुभती जनावरे आहेत त्यांनी सुरुवात लोहचुंबकापासून करावी. त्याला खर्च सर्वांत कमी आहे आणि त्याने वाचणारी गाय यंत्राच्या किमतीहून मोलाची आहे.